काळ्या डोक्याचे बदक आणि वारकरी पक्ष्यांची भाऊबंदकी

अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयर्स प्रांतात पाम्पा नावाची गवताळ मैदाने पसरलेली आहेत. ही जमीन इतकी सपाट आहे की पावसाच्या पाण्याला वाहून जाण्यासाठी उतारच सापडत नाही. जिथे जरासा खोलगट भाग असेल तिथे ते साचते आणि उथळ, विस्तीर्ण तळी तयार होतात. तिथले लोक या तळ्यांना ‘लागुना’ म्हणतात. लागुनांच्या कडेला आणि पुष्कळदा ऐन मध्यभागीही माणसाच्या उंचीचे लव्हाळे आणि आपल्याकडच्या पाणकणसाची भावंडे दाटीने उभी असतात. आपल्याकडे दिवाळी येते त्या सुमारास दक्षिण गोलार्धात वसंत ऋतू असतो आणि या लव्हाळ्यांत पाणपक्ष्यांची घरटी बांधण्याची एकच धांदल उडालेली असते.

त्या घरट्यांपैकी एखाद्या वारकरी पक्ष्याच्या घरट्यात वाकून पाहावे. ज्या काळ्या, कोंबडीएवढ्या पाणपक्ष्याला त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे आपण वारकरी किंवा चांदवा म्हणतो, त्याच्या कुळातल्या काही जाती दक्षिण अमेरिकेतही राहतात. एकीचे कपाळ गडद तांबडे असते, तर दुसरीची चोच व कपाळ पिवळे असून दोहोंच्या मध्ये तांबडी रेघ असते. त्यांचे घरटे म्हणजे मोडलेल्या लव्हाळ्यांच्या काड्या एकमेकींवर रचून केलेली, पाण्याला टेकलेली जाड बैठक. तिच्या खोलगट मध्यात मातकट रंगाची अंडी असतात आणि प्रत्येक अंड्यावर कुणी बोटाने शाई शिंपडावी तसे बारीक काळे-तपकिरी ठिपके असतात. कधीकधी या ठिपकेदार अंड्यांच्या मधोमध एक वेगळेच अंडे दिसते: फिकट पांढुरके, गुळगुळीत आणि ठिपक्याचा मागमूस नसलेले. ते वारकरी मादीने घातलेले नाही हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. ते काळ्या डोक्याच्या बदकाचे अंडे आहे.

हे बदक दिसायला साधेच आहे. लांबी जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, अंग तपकिरी. नराचे डोके काळे असते आणि विणीच्या हंगामात त्याच्या निळसर-करड्या चोचीचे मूळ तांबडे होते. मादीचे डोके काळे नसते. मात्र ती नरापेक्षा किंचित जड असते. अर्जेंटिना, चिली, उरुग्वे, पराग्वे आणि दक्षिण ब्राझील या देशांतील गोड्या पाण्याच्या दलदलींत हे बदक राहते. त्याचे खाणे म्हणजे मुख्यतः लव्हाळ्याचे बी आणि जोडीला पाण्यातील गोगलगायी, किडे व वनस्पती. शास्त्रीय नाव हेटेरोनेटा अॅट्रिकॅपिला. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘वेगळे बदक’ असा होतो आणि या प्रजातीत ही एकच जात आहे. ताठ शेपटीच्या बदकांचा जो एक गट आहे, त्याचे हे नातेवाईक मानले जाते, पण शेपटीचा तो ताठरपणा मात्र याच्याकडे नाही. चित्रकाराने वहीत टिपून ठेवावा असा हा पक्षी नव्हे. तरीही जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी त्याच्यामागे वर्षानुवर्षे चिखल तुडवला आहे, कारण हे बदक आयुष्यात कधीही स्वतःचे घरटे बांधत नाही, एकही अंडे स्वतः उबवत नाही आणि एकाही पिल्लाला सांभाळत नाही.

दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा पक्षी म्हटला की मराठी माणसाला कोकीळ आठवणारच. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या कोकिळेला संस्कृतात ‘परभृत’ म्हटले आहे. परभृत म्हणजे परक्याने पोसलेला, आणि पोसणाऱ्या कावळ्याला म्हटले आहे ‘परभृत्’, म्हणजे परक्याला पोसणारा. एका हलन्ताच्या फरकाने संपूर्ण नाते सांगणारी ही जोडी मला फार नेमकी वाटते. जगातील पक्ष्यांच्या सुमारे दहा हजार जातींपैकी शंभरेक जाती अशा परभृत आहेत, म्हणजे त्यांनी घरटे बांधण्याचा मार्ग कायमचा सोडून दिलेला आहे. त्यांत कोकीळ आणि पावशा यांच्या कुळातल्या जाती सर्वांत अधिक आहेत. त्याखेरीज मधाच्या पोळ्यांची वाट दाखवणारे पक्षी, अमेरिकेतील गुरांच्या मागे फिरणारे काही काळे पक्षी आणि आफ्रिकेतील मुनियासारखे काही छोटे पक्षी हेही याच मार्गाने जातात. ही सवय एकाच पूर्वजाकडून सर्वांकडे आलेली नाही. पक्ष्यांच्या इतिहासात ती निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे सात वेळा उपजली असे मानले जाते, आणि त्या सातांपैकी एक वेळ या एकट्या बदकाची आहे.

परभृत पक्ष्यांची कीर्ती चांगली नाही, आणि त्याला कारण आहे. युरोपातील कोकिळेचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात, डोळेही उघडलेले नसताना, यजमानाची अंडी व पिल्ले पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलते. हे प्रत्यक्ष पाहून १७८८ साली प्रसिद्ध करणारा मनुष्य म्हणजे पुढे देवीच्या लसीमुळे जगाला ठाऊक झालेला एडवर्ड जेनर. आपल्याकडचे कोकिळेचे पिल्लू सहसा इतके करत नाही, पण ते कावळ्याकडून आठवडेच्या आठवडे घास मागत राहते आणि त्याच्या हावरेपणापुढे कावळ्याच्या पिल्लांची उपासमार होण्याचा धोका असतो. तेव्हा परक्या घरट्यातले अंडे म्हणजे यजमानाचे नुकसान, हे समीकरण सर्वसाधारणपणे बरोबर आहे. काळ्या डोक्याचे बदक या समीकरणात बसत नाही. ते का बसत नाही, हे कळण्यासाठी पक्ष्यांची पिल्ले दोन तऱ्हांची असतात ही गोष्ट आधी पाहावी लागेल.

चिमणीचे किंवा कावळ्याचे पिल्लू जन्मते ते उघडेनागडे, आंधळे आणि मान धरण्याचेही बळ नसलेले. त्याला घरट्यातच ठेवून, चोचीत घास भरवून वाढवावे लागते. याउलट कोंबडीचे किंवा बदकाचे पिल्लू अंगावर मऊ पिसे घेऊन, डोळे उघडे ठेवूनच बाहेर येते आणि अंग वाळले की चालू लागते, दाणे टिपू लागते. आपल्या तलावांवरच्या हळदी-कुंकू बदकाची पिल्लेही अशीच असतात. आई त्यांना घास भरवत नाही. ती फक्त त्यांना पाण्याकडे नेते, राखण करते आणि गारठ्यात पंखांखाली घेते. पहिल्या तऱ्हेच्या पिल्लांना परावलंबी आणि दुसऱ्या तऱ्हेच्या पिल्लांना स्वावलंबी म्हणता येईल. हा फरक अंड्याच्या आतही दिसतो. परावलंबी पिल्लांच्या अंड्यात पिवळ्या बलकाचे प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असते, तर बदकासारख्या पक्ष्यांच्या अंड्यात ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. जी शिदोरी चिमणी पिल्लू जन्मल्यावर चोचीने भरवते, तिचा मोठा हिस्सा बदक अंड्यातच बांधून देते.

जगातले बाकी सगळे परभृत पक्षी परावलंबी पिल्लांचे आहेत. पूर्णपणे परक्या घरट्यावर विसंबणारे आणि तरीही स्वावलंबी पिल्लू जन्माला घालणारे काळ्या डोक्याचे बदक हे एकमेव आहे. त्याला यजमानाकडून फक्त ऊब हवी असते.

गावाकडे ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली बदकाची अंडी रवणाला ठेवण्याची रीत जुनी आहे, कारण पाळीव बदके अंडी उबवण्यात फारशी तत्पर नसतात. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, तर बदकाच्या अंड्यांना २८ दिवस लागतात, तरी कोंबडी इमानाने बसून राहते. पिल्ले निघाली की ती त्यांना घेऊन अंगणात हिंडते, माती उकरून दाखवते, आणि एखाद्या दिवशी वाटेत डबके लागले की सगळी पिल्ले एकामागून एक पाण्यात उतरतात. कोंबडी काठावर पिसे फुलवून कासावीस होऊन ओरडत राहते. लहानपणी हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की तिचा तो आवाज अजून कानांत आहे. त्या पिल्लांना कोंबडीकडून हवे होते ते मिळालेले असते. पोहायला त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

काळ्या डोक्याच्या बदकाचे पिल्लू याच्याही एक पाऊल पुढे जाते. कोंबडीखालची बदकपिल्ले निदान काही आठवडे कोंबडीलाच आई समजून तिच्या मागे फिरतात. पिल्लू जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसते त्याच्यामागे लागते, ही गोष्ट ऑस्ट्रियाच्या कॉनराड लोरेन्त्स यांनी हंसकुळातील पिल्लांवर दाखवून दिली होती; ती पिल्ले त्यांनाच आई समजून त्यांच्या मागोमाग चालत असत. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बदकांच्या घराण्यात इतकी खोल रुजलेली ही ओढ काळ्या डोक्याच्या बदकाच्या पिल्लाने बाजूला ठेवलेली आहे. अंडे सुमारे साडेतीन आठवड्यांत फुटते, पिल्लू पालक-वारकऱ्याच्या पंखांखाली अंग वाळवते, आणि एक-दोन दिवसांत ते एकटेच घरट्यावरून उतरून लव्हाळ्यांत निघून जाते. ना आई, ना भावंडे, ना राखण. मुठीत मावेल असा तो पिवळसर-तपकिरी जीव तिथून पुढे स्वतःच खातो, स्वतःच लपतो आणि मोठा होऊन आपल्या जातीच्या बदकांत जाऊन मिसळतो. जन्मताना त्याने ज्यांना पाहिले ते सगळे वारकरी होते, तरी जोडीदार म्हणून त्याला वारकरी हवासा वाटत नाही.

या बदकाच्या विणीचा पहिला सविस्तर अभ्यास मिल्टन वेलर या अमेरिकी पक्षितज्ज्ञाने केला आणि तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. ब्यूनोस आयर्स प्रांताच्या किनाऱ्यालगत, काबो सान अंतोनियो या भागातल्या दलदलींत त्यांनी हे काम केले. त्यातून आणि नंतरच्या निरीक्षणांतून एक गोष्ट पुढे आली, ती अशी की हे बदक यजमान निवडण्यात मुळीच काटेकोर नाही. वारकरी पक्ष्यांच्या दोन जाती आणि गुलाबी चोचीचे एक मोठे बदक हे त्याचे मुख्य यजमान असले, तरी शराटी, कुरव अशा अगदी निराळ्या कुळांतील पक्ष्यांच्या घरट्यांतही त्याची अंडी सापडली आहेत. इतकेच काय, लव्हाळ्यांत घरटे करणाऱ्या चिमांगो नावाच्या शिकारी पक्ष्याच्या घरट्यातही ती सापडली आहेत. कोकिळेला असे चालत नाही. तिच्या पिल्लाला योग्य तोच घास भरवणारा यजमान हवा. दाणे भरवणाऱ्या पक्ष्याच्या घरट्यात किडे मागणारे पिल्लू जगणार नाही. बदकाच्या पिल्लाला घासच नको असल्यामुळे यजमान काय खातो हा प्रश्न उरत नाही. बैठक कोरडी असावी, बसणारा पक्षी पुरेसा मोठा असावा आणि त्याने पुरेसे दिवस बसून राहावे, एवढ्यावर भागते.

मग यजमानाचे काय बिघडते? जवळजवळ काहीच नाही. सात-आठ अंड्यांबरोबर नववे अंडे पोटाखाली घेतल्याने वारकरी मादीला मोजण्याजोगा ताण पडत नाही, पिल्लू तिच्या पिल्लांच्या तोंडचा घास पळवत नाही, कुणाला ढकलत नाही, आणि दोन दिवसांत निघूनही जाते. संशोधकांनी परके अंडे असलेल्या व नसलेल्या घरट्यांची तुलना केली तेव्हा यजमानाच्या नुकसानीचा पुरावा त्यांना सापडला नाही. असे असूनही दोन्ही जातींचे वारकरी बदकाची अंडी मोठ्या प्रमाणावर नाकारतात. ते ती ओळखतात, बाजूला सारतात, काड्यांखाली दाबतात, आणि ऊब न मिळाल्याने ती वाया जातात. या बदकाच्या वाट्याला येणारे अपयश मुख्यतः या नकारातून आलेले आहे. सगळे कोडे इथे आहे: जो पाहुणा काही मागत नाही आणि काही बिघडवत नाही, त्याला हाकलण्यासाठी यजमानाने इतकी तीक्ष्ण नजर कमावलीच कशासाठी?

परभृत पक्ष्यांविषयी जीवशास्त्राकडे एक प्रस्थापित उत्तर आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय या कोड्याची धार लक्षात येणार नाही. त्याला शस्त्रस्पर्धा म्हणतात. परके पिल्लू पोसल्याने यजमानाची स्वतःची पिल्ले मरत असतील, तर परके अंडे ओळखून फेकणाऱ्या यजमानाची पिल्ले अधिक जगतात आणि ती ओळखण्याची क्षमता पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. यजमान हुशार झाला की ज्या परभृत मादीचे अंडे यजमानाच्या अंड्यासारखे दिसते तिचेच अंडे टिकते, म्हणून अंड्यांचे रूप यजमानाच्या अंड्यांशी जुळत जाते. त्यावर यजमानाची नजर आणखी बारीक होते, त्यावर नक्कल आणखी हुबेहूब होते, आणि असे हे चालू राहते. आपल्या कोकिळेचे ठिपकेदार अंडे आकाराने लहान असले तरी रंगाने कावळ्याच्या अंड्याच्या जवळ जाते, ते याच स्पर्धेचे फळ मानतात.

आता हा नियम बदकाला लावून पाहावा. यजमानाचे नुकसान होत नसेल तर अंडी ओळखण्याची क्षमता वाढायला कारणच नाही, पण ती वाढलेली दिसते. आणि यजमान इतकी अंडी नाकारत असतील, तर बदकाच्या अंड्यावर निदान चार ठिपके यायला हवे होते. ते आलेले नाहीत. स्पर्धेच्या दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रूस लायन आणि जॉन ईडी या दोघांनी अर्जेंटिनाच्या लागुनांत उतरून या कोड्याचा पाठपुरावा केला आणि २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे उत्तर मांडले. त्यांनी अंड्यांच्या रूपावर प्रयोग केले. बदकाचे अंडे वारकऱ्याच्या अंड्यासारखे अधिक दिसू लागले तर त्याचा टिकाव वाढतो का, हे त्यांना पाहायचे होते. उत्तर नकारार्थी आले: साम्य वाढवल्याने अंड्याचा बचाव झाला नाही. म्हणजे बदकाच्या मादीच्या अंड्यावर पुढेमागे थोडे ठिपके आले, तरी तिला त्याचा फायदा होणार नाही, आणि जिथे फायदा नाही तिथे नैसर्गिक निवड काही घडवत नाही. पण साम्य वाढूनही फायदा का नाही? या प्रश्नाचे उत्तर बदकाकडे नसून वारकऱ्यांच्या आपसातील व्यवहारात होते. वारकरी पक्ष्यांच्या माद्या एकमेकींच्या घरट्यांत चोरून अंडी घालतात.

ही भाऊबंदकी नीट कळते ती उत्तर अमेरिकेतील वारकरी पक्ष्यांच्या अभ्यासातून. लायन यांनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात या पक्ष्यांवर अनेक वर्षे काम केले होते. वारकऱ्यांची पिल्ले जन्मतः चालती-पोहती असली, तरी पहिले काही आठवडे त्यांना आईबापांनी पाण्यातून काढून दिलेल्या किड्यांवर आणि वनस्पतींवर जगावे लागते. बदकाच्या पिल्लांसारखी ती पुरती स्वावलंबी नसतात. अन्न नेहमी अपुरे पडते आणि कितीतरी पिल्ले उपासमारीने मरतात. अशा घरात शेजारणीचे एक पिल्लू वाढले तर आपले एक पिल्लू मरते, हा हिशेब जवळपास एकास एक असा पडतो. तेव्हा शेजारणीचे अंडे ओळखणे हा वारकरी मादीसाठी आपल्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यातून जे घडले ते थक्क करणारे आहे. प्रत्येक मादीच्या अंड्यांचा मातकट रंग आणि ठिपक्यांची घनता किंचित निराळी असते. या किंचित फरकावरून ती परके अंडे ओळखते, ते काड्यांत खोल पुरून टाकते किंवा घोळक्याच्या कडेला, जिथे ऊब कमी मिळते तिथे सारते. त्याहूनही नवल असे की, ज्या माद्या परकी अंडी ओळखतात त्या आणखी किती अंडी घालायची हे ठरवताना घरट्यातील एकूण अंडी न मोजता फक्त स्वतःची अंडी हिशेबात धरतात. पक्षी रानात स्वतःच्या कामासाठी मोजणी करतात याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळतो.

दक्षिण अमेरिकेतील दोन्ही यजमान जातींतही लायन आणि ईडी यांना हेच आढळले: आपल्याच जातीच्या माद्यांची चोरटी अंडी आणि ती ओळखून नाकारणाऱ्या घरधनिणी. आता बदकाच्या अंड्याकडे पुन्हा पाहावे. जी नजर आपल्याच जातीच्या दोन ठिपकेदार अंड्यांतला फरक टिपण्यासाठी घडलेली आहे, तिच्यासमोर ठिपका नसलेले पांढुरके अंडे येते तेव्हा ते लपणार कसे? आणि त्यावर थोडेफार ठिपके चढवले तरी काय उपयोग, जिथे हुबेहूब सारख्या अंड्यांचीही धडगत नाही? यजमानाने हे शस्त्र बदकासाठी परजलेलेच नव्हते. शेजाऱ्याची गुरे पिकात शिरतात म्हणून शेतकऱ्याने काटेरी कुंपण घालावे आणि पाण्याला निघालेले हरिण त्यात अडकावे, तशी या बदकाची स्थिती आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

उत्क्रांतीविषयी विचार करण्याच्या आपल्या सवयीला या निष्कर्षाने जो धक्का दिला आहे तो मला महत्त्वाचा वाटतो. दोन जातींत काही विलक्षण जुळणी किंवा विलक्षण संघर्ष दिसला की तो त्या दोघांनी एकमेकांना घडवल्यामुळेच झाला असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. इथे वारकऱ्याचे वागणे बदकाविरुद्धचे हत्यार दिसत होते आणि कोणताही निरीक्षक तेच म्हणाला असता. पण ते हत्यार घडले वारकरी विरुद्ध वारकरी या भांडणात, आणि बदक मध्ये सापडले. म्हणूनच त्याच्यापुढे पळवाट नाही. त्याने आपले अंडे बदलले तरी यजमानाच्या घरातले भांडण मिटणार नाही, आणि ते भांडण चालू आहे तोवर नजर बोथट होणार नाही.

मग हे बदक ही रीत सोडत का नाही? घरटे बांधणे आणि उबवणे हे हलके काम नाही हे पहिले कारण. अंड्यांवर बसलेली बदकमादी साडेतीन-चार आठवडे जवळजवळ एका जागी अडकते, तिचे वजन घटते आणि शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडण्याचा धोका वाढतो. हे सारे टळले तर ती शक्ती आणखी अंडी घालण्याकडे वळवता येते. शिवाय बदकांच्या घराण्यात परक्या घरट्यात एखादे अंडे टाकण्याची सवय मुळात बरीच पसरलेली आहे. उत्तर अमेरिकेतील लाल डोक्याचे एक बदक स्वतःचे घरटेही करते आणि दुसऱ्याच्या घरट्यातही अंडी घालते. काळ्या डोक्याच्या बदकाने त्यातली अर्धी सवय सोडून देऊन उरलेली अर्धी पूर्ण केली, इतकेच. मात्र या मार्गाची किंमतही आहे. कोकिळेचे लहानसे अंडे वाया गेले तर तिचे थोडके जाते. बलकाने भरलेले बदकाचे अंडे वाया गेले की मादीच्या अंगची मोठी पुंजी जाते. उलट कोकिळेला या मार्गाने घास भरवण्याचे आठवडेच्या आठवडे वाचतात, तर बदकाला घास भरवावाच लागत नसल्याने तिची बचत त्या मानाने कमी आहे. खर्च जास्त आणि बचत कमी, या हिशेबातच स्वावलंबी पिल्लांच्या पक्ष्यांत हा मार्ग एकट्या याच बदकाने का धरला, याचे बरेचसे उत्तर असावे असे मला वाटते.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हे बदक सध्या ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे. पण त्याचा जीव दोन धाग्यांना बांधलेला आहे. इतर बदकांना पाणी आणि आडोसा असला की पुरते. याला पाणी, आडोसा आणि त्यात घरटे करून बसलेला दुसरा पक्षी, असे तिन्ही लागते. पाम्पाच्या लागुना पावसाच्या चढउतारावर चालतात. ओल्या वर्षांत त्या पसरून एकमेकींना मिळतात, कोरड्या वर्षांत त्यांच्या जागी भेगाळलेली, क्षाराने पांढुरकी झालेली जमीन उरते. शेतीसाठी आणि गुरांच्या कुरणांसाठी पाणी वाहून नेणारे चर खोदले की हे चक्र कोरडेपणाकडे झुकते. काबो सान अंतोनियोच्या उत्तरेला असलेल्या सांबोरोंबोन उपसागराच्या किनाऱ्यावरील दलदलींना १९९७ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, जो आपल्या नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये मिळाला. प्रांताच्या अंतर्भागातील असंख्य लहान लागुना मात्र खासगी शेतजमिनींतच आहेत, आणि तिथे लव्हाळी ठेवायची की उपटायची हे शेतमालक ठरवतो.

लव्हाळी गेली की वारकऱ्याची बैठक बसत नाही, आणि वारकरी बसला नाही की बदकाला अंडे ठेवायला जागा नाही. चिलीमध्ये या बदकाला ‘पातो रिंकोनेरो’ म्हणतात, म्हणजे कोपऱ्यातले बदक. लव्हाळ्यांच्या दाट भिंती जिथे एकमेकींना मिळतात आणि मोकळ्या पाण्यावरून नजर पोचत नाही, अशा कोपऱ्यांत ते दिवस काढते. आणि दोन दिवसांचे, एकटे निघालेले त्याचे पिल्लूही सर्वांत आधी तिथेच शिरते.